वाकायचं नाही, चढायचं नाही: गुडघे बोलायला लागल्यावर स्वयंपाकघर कसं सांभाळायचं

घरात एखादी रंगीत चिकटपट्टी असेल ना, नातवंडांची वगैरे, ती घ्या आणि ओट्यासमोर उभे राहा. रोज जसे उभे राहता तसेच, काठी असेल तर काठी घेऊन, वॉकर असेल तर वॉकर धरून. आता एक हात आधाराला ठेवायचा आणि दुसरा हात न ताणता वर कुठपर्यंत जातो तिथे एक पट्टी चिकटवायची, मग कंबरेत न वाकता खाली कुठपर्यंत जातो तिथे दुसरी. माझी खालची पट्टी ओट्याखालच्या पहिल्या ड्रॉवरवर लागली आणि वरची टाइल्सच्या शेवटच्या रांगेवर. ह्या दोन पट्ट्यांच्या मधलं जे आहे ते तुमचं, त्याच्या वरचं आणि खालचं आता तुमचं नाही, ते दुसऱ्याचं किंवा मग कुणाचंच नाही. एवढं एकदा मनाशी ठरवलं की अर्धं काम झालं असं समजा, कारण आपल्या वयाला स्वयंपाकघरात जी हाडं मोडतात ती ओटा पुसताना नाही मोडत, ती स्टुलावर चढताना नाहीतर खाली सांडलेलं पुसायला वाकताना मोडतात.

मी हे स्वतःच्या मनगटावरून सांगतेय. दिवाळीच्या आधीची गोष्ट, एक्झॉस्ट फॅनला तेलाची झालर लटकली होती आणि ती मला चार दिवस दिसत होती, शेवटी राहवलं नाही म्हणून प्लास्टिकच्या स्टुलावर चढले आणि स्टूल सरकलं. सहा आठवडे प्लास्टर. तेव्हा ह्यांनी जो वरणभात केला तो आठवला की अजून पोट दुखतं, पण तो वेगळा विषय. आता माझं वय 73, उजवा गुडघा 2021 ला बदलून झालाय, डाव्याचं बोलणं चालू आहे. घर जुनं, ओटा कडप्प्याचा, माणसं दोन.

तर पहिलं काम साफसफाईचं नाहीच, हलवाहलवीचं आहे. एक रविवार मुलगा, भाची, शेजारचा कोणी पोरगा, जो हाताशी असेल त्याला बसवून ठेवा आणि रोजचं सगळं त्या दोन पट्ट्यांच्या मधे आणून घ्या: चहा-साखर, मिसळणाचा डबा, तेलाची किटली, रोजचा कुकर, कढई, तवा, पोळपाट-लाटणं, दोन ताटं, चार वाट्या, चार भांडी. चार म्हणजे चारच. मांडणीवर चोवीस वाट्या लावून ठेवल्या की चोवीसच्या चोवीस वाट्यांवर फोडणीचा चिकट थर बसतो, मग वापरल्या दोन तरी धुवायला चोवीस. मला हे कळायला पन्नास वर्षं लागली. जर्मनची, म्हणजे ॲल्युमिनियमची, मोठी पातेली, परात, पुरणयंत्र, सोऱ्या, पितळेचे डबे हे सगळं मी दोन जुन्या चादरीत बांधून माळ्यावर टाकायला लावलं, काही भाचीला दिलं, काही मोडीत घातलं. मोडीत घालताना वाईट वाटलं, नाही असं नाही, सासूबाईंचं घंगाळ होतं त्यात. ते मात्र परत आणलं, आता हॉलमध्ये आहे, त्यात छत्र्या असतात.

विळी आणि खोवणी पण गेली. जमिनीवर बसून भाजी चिरायची सवय असेल तर मला माहितीये सुरीने चिरल्यासारखं वाटतच नाही, पण गुडघा बदलल्यावर मांडी घालून बसू नका म्हणून डॉक्टर सांगतात, आणि बदललेला नसला तरी बसणं सोपं असतं हो, उठणं अवघड असतं.

आता बसायचं कुठे ते सांगते, कारण माझ्या मते सगळ्यात जास्त फरक ह्याने पडतो. आपले ओटे साधारण 32 ते 34 इंच उंच असतात, साध्या खुर्चीत बसलं की हात खांद्यापर्यंत वर करून काम करावं लागतं आणि मान धरते. म्हणून 24 इंचाच्या आसपास उंचीचं, पाठ असलेलं, चारी पायांना रुंद रबर असलेलं स्टूल घ्या. चाकं असलेलं अजिबात नको, दुकानदार कितीही म्हणाला लॉक आहे लॉक आहे तरी नको. पाय लोंबकळत असतील तर पाय टेकायला खाली आडवी पट्टी असलेलं बघा. आणि एक काम सुताराकडून करून घ्या, सिंकखालच्या कपाटाची दारं काढायची आणि आतलं सामान हलवायचं म्हणजे बसल्यावर गुडघे आत जातात आणि आपण सिंकच्या जवळ येतो. नाहीतर आडवं बसून कंबर पिळून भांडी घासावी लागतात, त्यापेक्षा उभं राहिलेलं बरं. दिसायला बरं दिसत नाही म्हणून मी तिथे जुन्या साडीचा पडदा लावलाय, तोही घोट्याच्या वर संपतो, पायात यायला नको.

ह्याच्यापुढची गोष्ट म्हणजे घाण मुळात होऊच द्यायची नाही. ऐकायला सोपं वाटतं पण त्यासाठी हात बदलावा लागतो. फोडणी कढईत देण्याऐवजी कढल्यात द्या आणि मोहरी टाकली की लगेच झाकण, तडतड आतल्या आत होते, टाइल्सवर काही उडत नाही. दूध उतू जाणं हा तर रोजचा शत्रू, एकदा उतू गेलं की शेगडी उचला, बर्नर काढा, खालचं पुसा, अर्धा तास आणि कंबर दोन्ही गेलं. मी जुना शिट्टीचा दुधाचा कुकर परत काढला, तो वाजतो, दूध बाहेर येत नाही आणि माझं लक्ष फोनवर असलं तरी चालतं. भाजी निवडायची, लसूण सोलायचा तर आधी खाली वर्तमानपत्र पसरायचं, झालं की गुंडाळून सगळं उचलायचं. कणीक परातीऐवजी खोल पातेल्यात मळली की पीठ ओटाभर होत नाही.

आणि कचऱ्याचा डबा खाली ठेवू नका! दिवसातून वीस वेळा त्या डब्याकडे वाकणं होतं आणि त्यातल्या पाच वेळा साल बाहेर पडतं. ओट्याच्या कोपऱ्यात झाकणाचा छोटा स्टीलचा डबा ठेवा, आत कागद घाला, ओला कचरा त्यात, रात्री किंवा सकाळी घंटागाडीच्या आधी रिकामा. छोटाच ठेवायचा म्हणजे तो कुजेपर्यंत राहत नाही आणि उचलायलाही हलका.

जड काही उचलायचं नाही, सरकवायचं. पातेल्याखाली दुमडलेलं फडकं ठेवलं की ते ओट्यावरून सिंकपर्यंत आरामात सरकत जातं. मात्र उकळतं पाणी किंवा भाताची पेज घेऊन एक पाऊलही चालायचं नाही, विशेषतः एका हातात काठी असेल तर. निवू दे, घाई कुणाला आहे.

आता पुसायचं. मोठं जाड फडकं आपल्या हातांना पिळता येत नाही, बोटांचे सांधे दुखतात, मग ते तसंच ओलं राहतं आणि ओलं फडकं ओट्यावर फिरवलं की स्वच्छ काय होणार, वासच पसरतो. म्हणून जुन्या सुती साडीचे नाहीतर धोतराचे तळहाताच्या दुप्पट आकाराचे तुकडे करा, दहा-बारा करा. पिळायचं तर नळाच्या मानेभोवती गुंडाळून दोन्ही टोकं एकत्र धरून ओढायचं, मनगट न वळवता पाणी निघतं. दिवसाला दोन वापरा, संध्याकाळी दोन्ही साबणाच्या गरम पाण्यात आणि मग दुसऱ्या दिवशी उन्हात. स्पंज असेल तर तो दोन-तीन आठवड्यांत टाकून द्या, फाटला नसला तरी, कारण आपल्या स्वयंपाकघरात सगळ्यात घाण वस्तू बहुतेक तीच असते, बाहेरून कशी का दिसेना.

फवाऱ्याची बाटली एक घ्या, त्यात अर्धा लिटर पाणी आणि भांडी घासायच्या लिक्विडचे पाच-सहा थेंब. बस, रोजच्याला एवढंच लागतं. फवारा मारायचा, चहाला आधण येईपर्यंत थांबायचं, मग पुसायचं. हे थांबणं महत्त्वाचं आहे बरं का, घासायची ताकद आपल्याकडे नाही तर ते काम वेळाला करू द्यायचं. पटकन फवारून पटकन पुसायला गेलं की मग जोर लावावा लागतो.

व्हिनेगर आणि खायचा सोडा एकत्र करून फेस काढायचे जे व्हिडिओ फिरत असतात ना, त्यांच्या नादी लागू नका, एक आम्ल एक अल्कली, दोघं एकमेकांना मारतात आणि उरतं जवळपास मिठाचं पाणी, फेस बघायला मजा येते तेवढीच. वेगवेगळे वापरले तर दोन्ही कामाचे: सोडा ओलसर करून चिकट डागावर, आणि लिंबू किंवा व्हिनेगर नळावरच्या पांढऱ्या क्षारांवर. पण ओटा कडप्प्याचा किंवा संगमरवराचा असेल तर लिंबू, व्हिनेगर, चिंच त्याच्यावर सांडू द्यायचं नाही, हे चुनखडीच्या जातीचे दगड, आम्लाने त्यांची चमक कायमची जाते. माझ्या ओट्यावर एका जागी लिंबाच्या फोडीचा गोल ठसा आहे तो आजतागायत निघालेला नाही. ग्रॅनाइटला त्या मानाने काही होत नाही. धुण्याचा सोडा तेलकट स्टीलला एक नंबर पण जर्मनच्या भांड्यांना लावू नका, काळी पडतात. आणि ब्लीच वापरत असाल तर ते एकटंच वापरायचं, टॉयलेटचं ॲसिड, व्हिनेगर, अमोनियावालं काच पुसायचं लिक्विड असलं काही त्याच्यात मिसळायचं नाही, विषारी वायू होतो आणि आपल्याला तिथून पळताही येत नाही. खरं सांगायचं तर मी ब्लीच घरातच ठेवत नाही. बाटल्यांवरची बारीक अक्षरं दिसत नाहीत हे त्याचं कारण.

अक्षरांवरून आठवलं. म्हाताऱ्यांची स्वयंपाकघरं घाण का होतात माहितीये का, आळसाने नाही होत, दिसतच नाही म्हणून होतात. माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, पट्टी निघाल्यावर मी स्वयंपाकघरात आले आणि टाइल्स बघून खाली बसायची बाकी राहिले होते, पिवळ्या रंगाच्या आहेत असं मी दोन वर्षं समजत होते, त्या पांढऱ्या होत्या. म्हणून दोन गोष्टी करा, ओट्याच्या वरच्या कपाटाच्या खालच्या बाजूला एलईडीची पट्टी लावून घ्या म्हणजे स्वतःची सावली ओट्यावर पडत नाही, आणि पुसून झाल्यावर डोळ्यांनी नाही तर कोरड्या तळव्याने बघा. हात सरसर फिरला तर स्वच्छ, अडखळला तर परत.

नाकाचंही तसंच. वयाप्रमाणे वास कमी येतो. खराब झालेली भाजी कळत नाही आणि गॅस सुटलेलाही पटकन कळत नाही. एलपीजीला स्वतःचा वास नसतो, आपल्याला कळावं म्हणून त्यात उग्र वासाचं द्रव्य मुद्दाम घालतात, पण नाकच मंद झालं तर त्याचा काय उपयोग. गॅस डिटेक्टर मिळतो, सुटला की वाजतो, तो बसवून घ्या. एलपीजी हवेपेक्षा जड म्हणून डिटेक्टर खाली, जमिनीजवळ लावतात, पाइपच्या गॅसचं उलटं, तो हलका असतो म्हणून वर. शेगडीची नळी दर पाच वर्षांनी बदलायची, तारीख नळीवरच छापलेली असते, घरी कोणी आलं की वाचून घ्यायची. भरलेलं सिलिंडर 30 किलोच्या आसपास असतं, 14.2 किलो आतला गॅस आणि बाकीचं लोखंड, त्यामुळे त्याच्या खालचं पुसायला ते हलवायचं नाही म्हणजे नाही. नवीन सिलिंडर आणणाऱ्या दादाला सांगायचं, जुनं काढलंच आहेस तर दोन मिनिटं थांब, आणि घरातल्या कोणाकडून तेवढ्यात लांब दांड्याने तिथली फरशी पुसून घ्यायची. गळती वाटली तर दारं-खिडक्या उघडायच्या, दिव्याचं बटण चालू किंवा बंद काहीच करायचं नाही, बाहेर यायचं आणि मग 1906 ला फोन, तो चोवीस तास चालू असतो.

भांडी. मावशी येत असतील तर उत्तम, पण मावशी येईपर्यंत खरकटं वाळून दगड होतं आणि मग त्या तारेच्या घासणीने तव्याचं कोटिंग काढतात, त्यांची चूक नाही, दगड निघणार कसा. म्हणून जेवण झालं की ताटातलं खरकटं डब्यात, आणि सगळी भांडी एकात एक न घालता सिंकमध्ये थोड्या पाण्यात. स्वतः घासत असाल तर एकावेळी सगळी नाही, तीन भांडी, मग बसणे. मिक्सरचं भांडं घासायला बोटं आत घालू नका, त्यात पाणी आणि लिक्विडचा थेंब टाकून झाकण लावून दहा सेकंद फिरवा, ओता, परत साध्या पाण्याने फिरवा. कुकरची शिट्टी आणि रिंग मात्र रोज हातानेच धुवायची, शिट्टीच्या भोकात डाळ अडकलेली चालणार नाही. पाच लिटरचा कुकर असेल तर दोन माणसांना दोन-तीन लिटरचा पुरतो, मनगटांना विचारा, ती पण हेच सांगतील.

सिंकच्या भोकावर बारीक जाळी हवीच, तुंबलं तर खालचा पाइप उघडायला आपण जाणार नाही. तेल, तुपाची बेरी, चहाचा चोथा सिंकमध्ये नाही. झुरळं येतात ती बहुतेक रात्री पाण्यासाठी येतात, म्हणून झोपायच्या आधी सिंक कोरडं पुसायचं, आणि बिजागऱ्यांपाशी, कपाटाच्या कोपऱ्यांत जेलचे ठिपके कोणाकडून तरी लावून घ्यायचे, फवारणीपेक्षा ते बरं, अन्नावर काही उडत नाही. मुंग्यांची रांग साबणाच्या पाण्याने पुसली की त्यांचा मागच पुसला जातो.

फरशी ही खालच्या पट्टीच्या खाली येते, पण तिला सोडून चालत नाही. तिथे लांब दांडा. झाडू लांब दांड्याचा, केरभरणी लांब दांड्याची, पोछा पायाने पिळायच्या बादलीवाला नको, सपाट पॅडचा. आणि ओला नाही, दमट. शेगडीसमोरच्या दोन फरश्या रोज, बाकीचं आठवड्यातून दोनदा मावशी. पुसताना दाराकडे पाठ करून मागे मागे यायचं ही आपली जुनी सवय वॉकरवाल्यांनी विसरायची, मागे चालणंच नको. कोरड्या जागेवर उभं राहून समोरचा तुकडा पुसायचा आणि बाहेर येऊन बसायचं, वाळेपर्यंत आत जायचं नाही. तेलाचा थेंब पडला तर त्याच्यावर लगेच कणीक भुरभुरवा, मग लांब झाडूने ओढा, निदान घसरण तरी जाते, नंतर पुसता येतं. ओट्यासमोर टाकलेलं ते जुनं गोधडीचं पायपुसणं आजच उचला. मला खूप आवडायचं ते, मी स्वतः शिवलेलं होतं.

वेळेचं म्हणाल तर सकाळी उठल्या उठल्या सांधे आखडलेले असतात, तेव्हा काही नाही. दहानंतर. कुकर लावला की तीन शिट्ट्या होईपर्यंत स्टुलावर बसून जेवढं हाताला येईल तेवढं पुसायचं, शिट्टी झाली की थांबायचं, राहिलेलं उद्याच्या कुकरला. सोमवारी शेगडी, मंगळवारी टाइल्सचा एक हात, असं काहीतरी, पण वार चुकला म्हणून डबल करायला जायचं नाही.

सगळं होणार नाही तेव्हा आधी काय, तर पोटात जाणाऱ्या गोष्टींना जे लागतं ते आधी. फडकी, सुरी, चॉपिंग बोर्ड, फ्रीजचं हँडल, नळ. चकचकीत शेगडी नंतर. आपल्याला अन्नाची बाधा झाली तर तरुणांपेक्षा जास्त महागात पडते, म्हणून भात दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये, तो बाहेर राहिला तर नुसता गरम करून भागत नाही. फ्रीजच्या खालच्या भाजीच्या कप्प्यात काही ठेवूच नका, किंवा फक्त कांदापातीसारखं उद्या संपणारं कोणाकडून तरी ठेवून घ्या. आमच्या इथे भाज्या मधल्या कप्प्यात टोपलीत असतात, टोपली ओढली की सगळं बाहेर, दिसतं काय सडलंय ते.

राहिलं वरचं आणि खालचं. वरच्या कपाटांच्या माथ्यावर, फ्रीजच्या डोक्यावर जुनी वर्तमानपत्रं पसरून घ्या, चिकट थर कागदावर बसतो, वर्षातून दोनदा, गणपतीच्या आधी आणि दिवाळीच्या आधी, ज्याचे पाय चांगले आहेत त्याने कागद गुंडाळायचा आणि नवा टाकायचा, घासाघाशी शून्य. एक्झॉस्ट फॅन आणि चिमणीच्या जाळ्या मावशींना, त्याचे वेगळे पैसे ठरवून, रोजच्या कामात ढकलून नाही. मी कागदावर मोठ्या अक्षरात यादी करते आणि फ्रीजला लावते, जो कोणी येईल तो विचारतो काही करू का गं, त्याला मी आता पूर्वीसारखं नको रे बस म्हणत नाही, यादीतलं एक सांगते. सुरुवातीला लाज वाटली. सून सुट्टीत येते ती पंधरा मिनिटांत माळ्याखालची जळमटं काढते आणि मग आम्ही चहा पितो.

रात्री मी शेवटी येते तेव्हा रेग्युलेटर बंद, सिंक कोरडं, दोन्ही फडकी दांडीवर पसरलेली, स्टूल ओट्याच्या आत सरकवलेलं म्हणजे अंधारात पाण्याला उठलं तर ठेच लागत नाही, आणि एलईडीची पट्टी मात्र चालू ठेवते.